डावीकडे कोण?

त्या वर्षी जयनगरच्या त्यांच्या गल्लीत गाड्या बदलण्याची साथच आली होती. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी बदलली, कोपऱ्यावरच्या साडीवाल्यानं बदलली, आणि शेजारच्या जयतीर्थांनी तर पहिल्या मारुतीच्या सीटवरचं प्लास्टिक निघायच्या आत दुसरी आणून उभी केली. गाडी आली की घरोघर म्हैसूरपाक यायचा. प्रतिमा तो डब्यात काढून ठेवायची, आणि संध्याकाळी क्षितिज कामावरून आला की डबा उघडून विचारायचा, "आज कुणाची?"

"कुणाची का असेना, खा."

"खातो. पण आपण लोकांना कधी खायला घालणार, ते बाबांना विचार."

बाबा, म्हणजे प्रतिमाचे सासरे हरीभाऊ, तिथेच वेताच्या खुर्चीत बसलेले असत. पेपर खाली न करता ते म्हणत, "आपण चौऱ्याहत्तर साली घातलाय."

तो घातला होता हे खरं. साताऱ्याहून इकडे कन्नड मुलखातल्या सरकारी कारखान्यात आलेल्या हरीभाऊंनी फियाटसाठी नंबर लावला, आणि क्षितिज शाळेत जायला लागला तेव्हा कुठे ती दारात आली. राखाडी रंगाची, समोर सोफ्यासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. कारखान्याच्या वसाहतीतली निम्मी पोरं तिच्यामागून धावली होती म्हणे. आता शहाण्णव साल उजाडलं होतं, क्षितिजला स्वतःला दोन मुलं झाली होती, आणि फियाट त्याच फाटकातून तोंड बाहेर काढून उभी होती.

"आमच्या ऑफिसात लोक पाच वर्षांत गाडी काढतात," क्षितिज म्हणायचा. "पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याच्या पुढं नुसता दुरुस्तीचा व्याप."

"गाडी कळायलाच पाच वर्षं लागतात," बाबा म्हणायचे. "कळायच्या आत ज्यांना काढायची असेल त्यांनी काढावी."

कुंपणापलीकडून झाडांना पाणी घालता घालता जयतीर्थ ऐकत असत. ते आणि बाबा एकाच खात्यात तीस वर्षं शेजारीशेजारी बसलेले. त्यांचं मराठी बाबांच्या डब्यातल्या पोळीभाजीवर वाढलेलं होतं. ते ओरडायचे, "एनो हरी, काय रे, तुझी गाडी म्युझियमवाले मागतायत! मी सांगितलं, मालकासकट घेऊन जा!"

"मालक देतो, गाडी नाही देत म्हणावं," बाबा उलट ओरडायचे, आणि दोघं म्हातारे हसायचे.

या भांडणात प्रतिमा नेहमी बाबांच्या बाजूची. क्षितिज तिला चिडवायचा, "सासऱ्याची लाडकी." लाडकी ती होतीच. सासूबाई, रत्नाबाई, गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या घरात तिच्याशी दिवसभर बोलणारं मोठं माणूस म्हणजे बाबाच. पण खरी गोष्ट आणखी एक होती, जी ती क्षितिजलाही सांगत नसे. क्षितिज सकाळी साडेसातला कंपनीच्या बसनं होसूर रोडला निघून जायचा. धाकटा, पाच महिन्यांचा, त्याच सुमाराला दूध पिऊन झोपायचा. आणि चार वर्षांच्या वेदिकाला घेऊन बाबा फियाटमधून तिला बालवाडीत सोडायला जायचे. येताना ते भाजी घेत, पार्कात बसत. घर एकदम निःशब्द व्हायचं. त्या तासाभरात प्रतिमा गरम चहा गरम असताना प्यायची. कधी खिडकीत नुसती बसून राहायची. कधी केस विंचरता विंचरता मध्येच थांबून स्वतःलाच विसरायची. दिवसभरात तिचा स्वतःचा असा तेवढाच एक तुकडा होता, आणि तो त्या राखाडी गाडीनं तिला रोज आणून दिला होता.

जाताना आजोबा-नातीचा एक खेळ चाले. वेदिका समोरच्या सलग सीटवर, डावीकडच्या खिडकीला गुडघे टेकून, काचेवर नाक चिकटवून बसायची. बाबा मधूनच विचारायचे, "डावीकडे कोण?" आणि ती सांगायची. गाय. सायकलवाला. दोन अज्जी. कुणी नसलं तर म्हणायची, "रिकामं!" घरी आल्यावर आईला सगळा हिशेब मिळायचा.

"आई, आज डावीकडे तीन गाई, एक पोलीसमामा, आणि एक भिंत."

"भिंत कशी येईल गं रस्त्यावर?"

"आली होती. खूप जवळ. मग आजोबा म्हणाले, शाब्बास."

प्रतिमा हसली होती. रात्री तिनं क्षितिजलाही सांगितलं होतं, कौतुकानं. पोरीची निरीक्षणशक्ती बघ म्हणून. 

नंतर तिला एकेक आठवत गेलं. नागोजीचं बोलणंही आठवलं. नागोजी म्हणजे विल्सन गार्डनचा गॅरेजवाला, शहाजीराजांच्या वेळेपासून इकडे राहिलेल्या घराण्यातला. गणपतीच्या आधी गाडी त्याच्याकडे नेली, तेव्हा प्रतिमा सोबत होती. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला होता, "काय अण्णा, परत डावाच मडगार्ड? तुमच्या गाडीला डावीकडूनच दृष्ट लागते बघा. एक निंबू बांधा तिकडं. स्वल्प थांबा, आता ठोकून देतो." बाबा हसले नव्हते. तेव्हा तिला वाटलं, ऊन लागत असेल.

खंडेनवमीला दहाबारा दिवस उरले असतील. वेदिकाला रात्रीपासून ताप होता. धाकट्याच्या लशीचा दिवसही तोच. क्षितिज निघून गेलेला. "चल, दोघांनाही डॉक्टरांकडे नेऊन आणू," बाबा म्हणाले. प्रतिमानं वेदिकाला शाल गुंडाळून मागच्या सीटवर आडवी केली आणि धाकट्याला मांडीवर घेऊन स्वतः पुढे बसली, डावीकडे.

बाबा किल्ली हातात घेऊन जरा घुटमळले. "तू मागं बसतेस का तिच्याजवळ? वेदूला बसू दे पुढं."

"तापात कुठं बसवू तिला? निजू दे."

गाडी निघाली. कधी नव्हे ते प्रतिमा समोर बसली होती आणि जवळून बाबांचं गाडी चालवणं बघत होती. किती बेतानं चालवत होते! प्रत्येक वळणाआधी इंजिनाचा आवाज ऐकल्यासारखे थांबत, मान पक्ष्यासारखी पार डावीकडे वळवत, इतकी की हनुवटी खांद्याला लागे. तिला वाटलं, वय झालं.

साउथ एंड सर्कलच्या अलीकडे डावीकडे वळायचं होतं. बाबांनी वेग कमी केला आणि सवयीनं, अगदी नकळत, त्यांच्या तोंडून निघालं, "डावीकडे कोण?"

प्रतिमा धाकट्याची टोपी सारखी करत होती. ती हसली. "बाबा, मी वेदू नाही."

गाडी वळली. आणि प्रतिमाच्या खिडकीला लागून, हाताच्या अंतरावर, एक बाई स्कूटरवर होती. मोगऱ्याचा गजरा, मागे बांधलेली पिशवी, आणि फिकट पडत गेलेला चेहरा. फियाट तिच्यावर सरळ सरकत होती. प्रतिमा किंचाळली. बाबांनी ब्रेक दाबला, धाकटा तिच्या हातांतून निसटता निसटता राहिला, मागं वेदिका सीटवरून खाली घरंगळली. स्कूटर फुटपाथला टेकून तिरकी झाली. पडली नाही, एवढंच.

"कण्णु काणल्वेन्री?" ती बाई ओरडली. डोळ्यांनी दिसत नाही का हो?

बाबा खिडकीकडे झुकून "सॉरी अम्मा, सॉरी" म्हणत राहिले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. घाबरून मान पुरती वळवायचं राहिलं होतं, आणि ते तिच्या पुढच्या जागेकडे बघत होते. आणि तिथं कुणी नव्हतं.

मागून, खाली पडलेल्या शालीतून, वेदिकाचा रडवेला, तापलेला आवाज आला. "आई, तू सांगितलं का नाहीस? डावीकडचं आपण सांगायचं असतं!"

पार्काच्या कुंपणाशी, झाडांच्या सावलीत बाबांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. प्रतिमानं वेदिकाला मागं थोपटलं, तिला परत ग्लानी येईपर्यंत. मग ती पुढे वळली, आणि तिनं आपला हात उचलून बाबांच्या डाव्या गालाजवळ नेला. बोटं हलवली. पापणी लवली नाही.

"काय करतेस?" बाबा समोर बघतच म्हणाले. "बांगड्या वाजल्या."

प्रतिमानं हात खाली घेतला. "कधीपासून?"

"रत्ना होती तेव्हापासून."

"आईंना माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं."

आणि मग प्रतिमाला रत्नाबाई आठवल्या. गाडीत बसल्या की त्यांच्या तोंडाला खळ नसे. म्हैस आली हो, सायकल आली हो, ते पोर बघा कसं धावतंय. त्यांना घरात सगळे आकाशवाणी म्हणत. लग्नाकार्यात क्षितिज त्यांची नक्कल करायचा आणि पाहुणे हसून हसून लोळायचे. रत्नाबाईही हसायच्या. गेल्या तेव्हासुद्धा कुणीतरी म्हणालं होतं, आता गाडीत किती शांत वाटेल.

"काचबिंदू," बाबा म्हणाले. "डावा हळूहळू गेला. उजव्यात थेंब घालतो. डॉक्टर म्हणतात टिकेल."

"टिकेल म्हणतात, की बघू म्हणतात?"

"बघू म्हणतात."

प्रतिमाला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी संतापही आला. "बाबा, ती चार वर्षांची आहे! तिला डावं-उजवं नुकतं कळायला लागलंय."

"मीच शिकवलं," बाबा हळूच म्हणाले.

"म्हणून काय तिच्या डोळ्यांनी गाडी चालवायची? समजा एखाद्या दिवशी ती फुगेवाल्याकडे बघत बसली असती? झोप लागली असती तिला? आणि काही झालं असतं तर तिला जन्मभर काय वाटलं असतं, तुम्हीच सांगा. आपण सांगितलं नाही म्हणून झालं, असंच ना?"

बाबांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. केसाएवढी चूक असली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे, असं जयतीर्थ अजून सांगत. त्या नजरेवर घर उभं राहिलेलं. "तिला खेळच वाटतो," ते म्हणाले. "मलाही हळूहळू खेळच वाटायला लागला, पोरी. सकाळी ती चपला घालून फाटकाशी उभी असते. तेवढ्यासाठी मी उठतो."

धाकटा चुळबुळला. प्रतिमा त्याला छातीशी घेऊन बाहेर बघत राहिली.

"म्हणून नवी गाडी नको म्हणता?"

"ही गाडी मला दिसावी लागत नाही. कुठं संपते, किती वळते, कुठल्या खड्ड्यात कशी कुरकुरते, सगळं अंगात आहे." त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "नव्या गाडीत बसलो की मी आंधळा होईन. सगळ्यांदेखत."

ती म्हणाली, "क्षितिजला सांगा."

"खंडेनवमी होऊ दे. एवढी पूजा करू दे तिची माझ्या हातानं. मग मीच सांगतो."

"तोवर वेदू या गाडीत बसणार नाही. आणि तुम्ही पण बाहेर काढायची नाही."

"बरं," बाबा म्हणाले, शाळकरी मुलासारखे.

पण डॉक्टरांकडे तर जायचंच होतं. ताप असलेलं एक लेकरू, लस टोचायचं दुसरं, आणि रिक्षावाला त्या बाजूला एकही नाही. प्रतिमानं पदर खोचला, धाकट्याला घट्ट धरलं आणि डावीकडच्या खिडकीबाहेर बघायला लागली. "सायकल," ती म्हणाली. "गाय. रिकामं. रिकामं. एक मुलगा आहे, थांबा. गेला. रिकामं." डॉक्टरांकडे पोचेपर्यंत आणि तिथून घरापर्यंत ती बोलत राहिली. पुढे पुढे तिला आपलाच आवाज ओळखू येईना. तो रत्नाबाईंचा आवाज होता.

संध्याकाळी क्षितिज आला तो शीळ घालतच. स्वयंपाकघरात येऊन त्यानं आमटीत बोट बुडवून चाखलं आणि दार लोटून घेतलं. 

"ऐक. मारुती मिळाली. एकाचं बुकिंग कॅन्सल झालं, आपल्याला आयुधपूजेला, खंडेनवमीलाच, डिलिव्हरी. तू आता परत बाबांची वकिली सुरू करू नकोस."

"नाही करत," प्रतिमा म्हणाली. "घेऊया."

तो बघतच राहिला. "अशी काय मऊ झालीस?"

ती खरंच सुटल्यासारखी झाली होती. नवी गाडी येईल, क्षितिज ती चालवेल, जुनी जाईल. बाबांचं चालवणं आपोआप सुटेल, कुणाला काही सांगावंही लागणार नाही. एवढं सोपं! ती पोळी लाटायला लागली, तोच क्षितिज तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबांच्या नावावर घेतलीय."

लाटणं थांबलं.

"सरप्राइज आहे हं, बोलू नकोस. मी त्यांना एवढा छळतो ना जुन्या गाडीवरून, मला ठाऊक आहे ते का बदलत नाहीत. आधी माझं शिक्षण, मग आईचं आजारपण. स्वतःसाठी म्हणून या माणसानं काही घेतलेलं नाही. मी लहानपणी मागं बसून त्यांची मान बघायचो आणि ठरवायचो, यांना एक नवी कोरी गाडी देईन. आयुधपूजेला किल्ली त्यांच्या हातात. मला काय, कंपनीची बस आहे. वेदूला रोज नव्या गाडीतून नेतील, ऐटीत."

"क्षितिज, त्यांना आता झेपेल का रोज?"

"तू पण?" त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा पडला. "अगं, पन्नास वर्षांच्या माणसांपेक्षा चांगली चालवतात. एक अॅक्सिडेंट नाही आजपर्यंत."

तव्यावरची पोळी करपली. प्रतिमानं ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी लाटायला घेतली. बापाचं एक गुपित तिच्या एका हातात होतं, लेकाचं दुसऱ्या हातात, आणि दोन्ही मुठी उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती वेदिकाला रिक्षानं नेऊ लागली, धाकट्याला पोटाशी बांधून. तिचा सकाळचा तो तास गेला तो गेलाच. वेदिका फाटकाशी हटून बसायची. "आजोबांना डावीकडचं कोण सांगणार मग?" बाबा गाडीचं बॉनेट उघडून आत काहीतरी करत असल्यासारखे उभे राहायचे. रिक्षा वळेपर्यंत मान वर करायचे नाहीत. परत आल्यावर प्रतिमा हळू आवाजात विचारायची, "सांगितलंत?" आणि ते म्हणायचे, "आज तो दमून आला होता." किंवा, "आज त्याचा मूड इतका चांगला होता." किंवा नुसतंच, "उद्या."

तिनंही दोनदा तोंड उघडलं क्षितिजपुढं. दोन्ही वेळा तो नव्या गाडीला सीट कव्हर कुठल्या रंगाचं घ्यावं ते विचारत होता.

खंडेनवमीला गल्ली सकाळपासून केळीच्या खांबांनी, झेंडूनं गजबजली. सायकलींना, स्कूटरींना, साडीवाल्याच्या शिवणयंत्राला सुद्धा हळदकुंकू लागलं. बाबांनी फियाट स्वतः धुतली. चाकं घासली, काच पुसली, बॉनेटवर हार घातला. डाव्या मडगार्डवर त्यांचा हात जरा जास्त वेळ थांबला. प्रतिमा आरतीचं ताट घेऊन आली, तेव्हा ते म्हणाले, "आज सांगतो. पूजा झाली की."

"नक्की ना बाबा?"

"नक्की."

आणि पूजा व्हायच्या आतच क्षितिज हॉर्न वाजवत गल्लीत शिरला. निळी, झळझळीत मारुती. जयतीर्थ कुंपणावरून जवळजवळ पडलेच. "हरी! लग्नाची नवरी आणली तुझ्या पोरानं!" समोरचे डॉक्टर आले, साडीवाला आला, कुणीतरी कोहळा आणला. क्षितिज उतरला, बाबांच्या पाया पडला आणि त्यानं त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली. "बाबा, तुमची. कागदावर पण तुमचीच आहे. बघा आता ही कळायला किती वर्षं लागतात."

बाबांनी किल्लीकडे बघितलं. मग प्रतिमाकडे. तिला हे आधी ठाऊक होतं, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांचे ओठ हलले, पण टाळ्या इतक्या वाजत होत्या की काही ऐकू आलं नाही. लोकांनी त्यांना आत बसवलंच. समोरच्या चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं गेलं, घरच्या वडीलधाऱ्यानं ते चिरडून गाडी काढायची म्हणून. वेदिका हट्टानं डावीकडच्या सीटवर जाऊन बसली, आणि क्षितिजनं मोठ्या कौतुकानं तिला पट्टा लावून दिला.

"चला बाबा! सरळ साडीवाल्यापर्यंत आणि परत!"

गल्लीच्या डाव्या कडेला सगळी पोरंटोरं उभी होती. प्रतिमा ते बघत होती. कुणाची भावंडं, कुणाची शेजारपाजारची, पुढे पुढे सरकत, लिंबू फुटताना बघायला वाकलेली. इंजिन सुरू झालं. तिनं क्षितिजकडे बघितलं. तो हसत होता, डोळ्यांत पाणी आणून. ती पुढे झाली. धाकट्याला कडेवर घेऊन ती डाव्या चाकापाशी, पोरांच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

बाबांना ती दिसली नाही. ते समोर बघत होते, हात स्टिअरिंगवर काहीतरी शोधत असल्यासारखे फिरत होते. जिथं गिअरचा दांडा असायचा तिथं काहीच नव्हतं. उघड्या खिडकीतून तिला त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी हळू, फक्त नातीसाठी.

"डावीकडे कोण?"

वेदिकानं मान उंच केली. पट्ट्यातून वर सरकायचा प्रयत्न केला. जुन्या सीटवर ती गुडघ्यांवर उभी राहायची. इथं तिच्यासमोर नुसता काळा डॅशबोर्ड होता आणि वर आकाश.

"आजोबा, मला काही दिसत नाही!" ती रडकुंडीला येऊन ओरडली. "डावीकडचं काहीच दिसत नाही!"

लोक हसले. क्षितिजही हसला. "अगं, तुला कशाला दिसायला हवं?"

प्रतिमा खिडकीशी वाकली. तिचा आवाज फाटला होता. "मी आहे, बाबा. डावीकडे मी आहे. बाळ आहे. सगळी पोरं आहेत."

बाबांनी मान वळवली, पक्ष्यासारखी, पार खांद्यापर्यंत. उजव्या डोळ्याच्या टप्प्यात ती आली, तेव्हा त्यांचा चेहरा तिनं पाहिला, आणि पुढे कितीतरी दिवस तो तिच्या नजरेसमोरून हलला नाही. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"मलाही दिसत नाही, वेदू," ते म्हणाले. आणि मग, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "क्षितिज, मला दिसत नाही रे."

"काय दिसत नाही? आरसा ॲडजस्ट करायचाय का?"

"डावा डोळा. तुझी आई होती तेव्हापासून नाही."

क्षितिजच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला. ते तिथंच राहिलं, विसरल्यासारखं. "आई होती तेव्हापासून म्हणजे?" तो म्हणाला. मग त्याला कळलं. प्रतिमाला ते कळताना दिसलं. म्हैस आली हो, सायकल आली हो. त्यानं एक हात नव्या गाडीच्या टपावर टेकला. "मी तिला गप्प बस म्हणायचो," तो कुणालाच उद्देशून नाही असा म्हणाला. "प्रत्येक वेळी." मग प्रतिमाकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "तुला माहीत होतं?"

"दहाबारा दिवस."

"आणि वेदूला रोज..."

तिनं मान खाली घातली. त्या दहाबारा दिवसांच्या आधीचे सगळे दिवस, गरम चहाचे, खिडकीत बसण्याचे, तिच्यासमोर उभे राहिले. बाकीचं क्षितिज रात्री बोलेल, हे तिला ठाऊक होतं.

जयतीर्थांनी सगळ्यांना मागं सारलं. "सरी, सरी, बरं झालं ते झालं. बघता काय? मुहूर्त जातोय." मग कुंपणाचं फाटक उघडून ते स्वतः आले, बाबांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि गाडीला वळसा घालून डावीकडच्या दाराशी नेलं. तीस वर्षं शेजारी बसलेला माणूस. जाताना त्यांनी बाबांना कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. बाबांनी नुसती मान हलवली.

डावीकडच्या सीटवर बाबा आयुष्यात पहिल्यांदा बसले. वेदिका मागं गेली. क्षितिज स्टिअरिंगवर बसला, आणि बाबांचा चांगला डोळा आता त्याच्या बाजूला होता. वाटभर तो त्यांना दिसणार होता. लिंबं चिरडली गेली, कोहळा फुटला, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा कमी.

प्रतिमा फाटकात उभी राहिली. तिच्या मागं हार घातलेली फियाट होती. क्षितिजनं ठरवलेलं गिऱ्हाईक ती न्यायला दसऱ्यानंतर येणार होतं. पूजेचं ताट तिच्या बॉनेटवर तसंच होतं, निरांजन केव्हाच विझलेलं.

मारुती साडीवाल्यापर्यंत जाऊन परत आली. क्षितिजनं काच खाली केली. मागच्या सीटवरून वेदिका दोन्ही सीटच्या मध्ये डोकं घालून विचारत होती, आणि बहुधा वाटभर विचारत आली असावी.

"आजोबा, मग आता मी कुठं बघू?"